वडिलांचं कपाट, आईचा रेडिओ

आवडती पुस्तकं, आवडतं गाणं आणि रेडिओ असा विषय या भाषणासाठी मला सुचवला गेला. विषय ऐकायला सोपा आहे. दहा पुस्तकांची आणि दहा गाण्यांची नावं सांगितली की काम झालं. पण आवडीनिवडींचा विचार करायला लागलो तशी एक गोष्ट लक्षात आली, की आमच्या घरात आवड ही दोन लिप्यांमध्ये राहत होती. आई ऐकायची मराठी आणि वडील वाचायचे उर्दू. मधल्या खोलीत एका भिंतीला मर्फीचा रेडिओ, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. रेडिओ सगळ्यांचा होता. कपाट मात्र एकट्या वडिलांचं, कारण ते गेल्यानंतर त्यातलं एक पान वाचू शकेल असं घरात कुणी उरलं नव्हतं.

मराठवाड्याबाहेरच्या लोकांना हे जरा नवलाचं वाटतं. जोशी-कुलकर्ण्यांच्या, पाटील-देशमुखांच्या घरात उर्दू पुस्तकं कशी? पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंतचं औरंगाबाद, हे 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, कचेरीचा कारभार उर्दूत आणि उस्मानिया विद्यापीठातलं उच्च शिक्षणही उर्दूतच. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भूगोल आणि गणित उर्दूत शिकले. पुढे महसूल खात्यात कारकून झाले. राज्यपुनर्रचना होऊन 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग तिशीतल्या अण्णांनी आपल्याच मातृभाषेत टिपणी कशी लिहायची हे नव्याने शिकून घेतलं. घरात बोलणं मराठी, देवघरात ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत. पण दूधवाल्याचा हिशेब लिहायला बसले की हात उजवीकडून डावीकडे चालायचा.

आधी रेडिओबद्दल सांगतो, कारण माझी सगळी आवड तिथून सुरू झाली.

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिच्यासाठी रेडिओ हेच ग्रंथालय होतं, गायनशाळा होती आणि माहेरचं माणूसही. आज सांगितलं तर मुलांना खोटं वाटेल, पण रेडिओ ऐकायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. ही पद्धत 1980 च्या दशकात संपली. आई ते परवान्याचं पुस्तक रेशनकार्डाबरोबर, एकाच पिशवीत ठेवायची. दोन्ही गोष्टी तिच्या लेखी सारख्याच गरजेच्या असणार.

तिचा लाडका कार्यक्रम ‘आपली आवड’. श्रोत्यांनी पत्रातून गाणी कळवायची आणि निवेदकाने गावांची, माणसांची नावं वाचून ती लावायची. मला या कार्यक्रमाची रचनाच फार आवडते. वरवर पाहिलं तर ती नुसती फर्माईश आहे. पण गाणं तर तसंही कधीतरी लागलंच असतं. पत्र लिहिणाऱ्याला ते सगळ्यांबरोबर ऐकायचं असतं आणि हे गाणं मला आवडतं, हे चार गावांना कळवायचं असतं. म्हणून तर एका गाण्याला दहा-दहा नावं यायची आणि पत्रात स्वतःबरोबर वहिनी, भाचे, शेजारी सगळ्यांची नावं घातलेली असायची. हिंदी फर्माईशींमुळे झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारमधलं, आताच्या झारखंडमधलं लहानसं गाव देशभर प्रसिद्ध झालं. ते नकाशावर कुठे आहे हे माहीत नसलेल्या लोकांनाही तिथल्या माणसांना कोणती गाणी आवडतात हे ठाऊक होतं!

आईचा दुसरा जीव गीतरामायणात. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे 56 गीतं झाली. आज ही गीतं म्हटली की फडक्यांचाच आवाज कानात येतो, कारण पुढे रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रिकांत ती सगळी त्यांनी स्वतः गायली. मूळ प्रक्षेपणात मात्र माणिक वर्मा, ललिता फडके असे वेगवेगळे गायक होते. गंमत पाहा, पुणे केंद्र सुरू झालं ते 2 ऑक्टोबर 1953 ला. म्हणजे पहिल्या दीड वर्षातच या केंद्राने हे काम हाती घेतलं. आणि त्याहून मोठी गंमत अशी, की पुण्याच्या आधी आमच्या शहरात रेडिओ केंद्र होतं! निजामाच्या राज्याची हैदराबाद आणि औरंगाबाद अशी दोन केंद्रं होती, ती 1 एप्रिल 1950 ला आकाशवाणीकडे आली. आमचं ते पहिलं केंद्र फार काळ टिकलं नाही, आजचं आकाशवाणी केंद्र नंतरचं आहे. पण पुण्याच्या पाहुण्यांसमोर ही माहिती मी अजून सोडत नाही.

रेडिओवरून घरात भांडण व्हायचं ते रात्री. दिवसा आईची केंद्रं, रात्री अण्णांची. जेवणं झाली की अण्णा हैदराबाद लावायचे, तिथून पुढे 1971 नंतर दिल्लीची उर्दू सर्व्हिस, तिच्यावरचा ‘तामील-ए-इरशाद’ हा फर्माईशींचा कार्यक्रम. आईला वाटायचं, हे मुद्दाम रात्री लावतात. वस्तुस्थिती अशी होती, की हैदराबाद दिवसा लागतच नसे. याचं कारण मला पुढे कॉलेजात कळलं आणि ते इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मध्यम लहरी, म्हणजे ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणतो, त्या दिवसा जमिनीलगत जातात आणि अंतर वाढेल तशा विरत जातात. काही लहरी वर आकाशातही जातात. तिथे साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित कणांचा एक थर तयार झालेला असतो, तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरांपर्यंत पोचतात, आणि ते थर त्यांना गिळत नाहीत, तर आरशासारखे जमिनीकडे परत पाठवतात. त्यामुळे चारशे किलोमीटरांहून दूर असलेलं हैदराबाद, जे दुपारी नुसतं खरखरत असे, ते रात्री नऊला शेजारच्या वाड्यातून बोलल्यासारखं ऐकू यायचं. मधूनच आवाज लांब जायचा, परत जवळ यायचा. अण्णा म्हणायचे, हैदराबादचा श्वास ऐकू येतोय.

रेडिओ सिलोनची गोष्ट वेगळी. ते लघु लहरींवर, शॉर्ट वेव्हवर होतं, आणि लघु लहरी मुळातच आकाशातून उड्या मारत जातात. म्हणून सुमारे दीड हजार किलोमीटरांवरचं कोलंबो आमच्याकडे येत असे. 1952 साली केंद्रीय मंत्री बा. वि. केसकरांच्या धोरणाने आकाशवाणीवर सिनेसंगीताची गळचेपी झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सिलोनवरून सुरू झाली, आणि सरकारला शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकर स्वतः मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांचा हेतू चांगला होता असं माझं मत आहे. पण बळजबरीने पाजलेलं दूध आणि आपण होऊन मागितलेलं पाणी, यात मूल पाणीच निवडतं.

आता कपाटाकडे येतो.

अण्णा 1994 साली गेले. घर बदलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांपुढे प्रश्न, या पुस्तकांचं काय? शे-सव्वाशे पुस्तकं. धाकट्या भावाने रद्दीवाल्याला बोलावलं सुद्धा. आई दारात उभी राहिली. म्हणाली, ‘त्यात काय लिहिलंय ते आधी मला कुणीतरी वाचून दाखवा, मग न्या.’ वाचून दाखवणारं कुणी नव्हतं, म्हणून पुस्तकं राहिली. पुढची वीस वर्षं ती माझ्या घरी, माळ्यावर होती.

मी निवृत्त झाल्यावर शहागंजच्या बाजूला राहणाऱ्या एका उर्दू शिक्षकांकडे जायला लागलो. तेही निवृत्त. मला ते ‘गुरुजी’ म्हणायचे आणि मी त्यांना ‘मास्तरसाहेब’. दोघंही मास्तर, त्यामुळे विद्यार्थी कोण यावर थोडा गोंधळ असे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘गुरुजी, भाषा तुम्हाला येतेच. फक्त अक्षरांशी ओळख नाही.’ हे अगदी खरं निघालं. हिंदी सिनेमा पाहिलेला आणि मराठवाड्यात वाढलेला माणूस अर्धी उर्दू आधीच जाणतो. इथली दख्खनी बोली तर आपल्या मराठीची सख्खी शेजारीण. तिने आपला ‘नको’ घेऊन ‘नक्को’ केला, आपला जोर देणारा ‘च’ घेऊन ‘वहींच’, ‘मैंच’ केलं.

अक्षरांनी मात्र घाम काढला. एक तर बहुतेक अक्षर शब्दात जागा बदललं की रूप बदलतं: सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. दुसरं म्हणजे ऱ्हस्व स्वर सहसा लिहितच नाहीत. क आणि ल एवढंच लिहिलेलं असतं, ते ‘कल’ की ‘कुल’ हे वाक्यावरून ओळखायचं. मला आजोबांची मोडी आठवली. तिच्यातही ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवून अर्थावरून वाचावं लागतं. आजोबांची मोडी, अण्णांची उर्दू, माझी बाळबोध. एकाच घरात तीन पिढ्या आणि तीन लिप्या. आपल्या वडिलांनी लिहिलेलं वाचता येऊ नये, हे आमच्याकडे पिढीजातच म्हणायचं!

पण याच अक्षरांनी मला सर्वांत मोठा आनंद दिला. उर्दूत ‘ज़’ या उच्चारासाठी चार-चार अक्षरं आहेत. का, असं मी वैतागून विचारलं, तेव्हा मास्तरसाहेबांनी मला चार शब्द लिहून दाखवले. जमीन, जरूर, जाहीर आणि ‘जातीने हजर’मधला जात. चारही शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि एकाच ‘ज’ने लिहितो. उर्दूत त्यांची अक्षरं चार: ज़े, ज़्वाद, ज़ोए आणि ज़ाल. त्यातला जमीन हा शब्द फारसीचा, बाकीचे तीन अरबीतून आलेले. अरबीत या अक्षरांचे उच्चार खरोखरच निराळे होते. फारसीत आणि आपल्याकडे ते एक झाले, पण शब्द आपलं जुनं अक्षर घेऊनच चालत राहिला. तसाच साहेबातला ‘स’ वेगळा, सरदारातला वेगळा आणि साबीतमधला तिसराच. म्हणजे मी साठ वर्षं जे मराठी बोलत होतो, त्यातल्या शब्दांच्या पाठीवर त्यांच्या गावांचे पत्ते लिहिलेले होते, आणि ते मला आता वाचता येऊ लागले. त्यानंतर आठवडाभर मी घरात दिसेल त्या शब्दाचं अक्षर विचारत सुटलो. सौभाग्यवतींनी दुर्लक्ष केलं.

सात-आठ महिन्यांनी कपाटातली पुस्तकं खाली काढली. पहिलंच जाडजूड हाती आलं ते मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने 1937 साली काढलेला इंग्रजी-उर्दू कोश. प्रकाशनाचं ठिकाण काय? औरंगाबाद, दख्खन! अब्दुल हक, ज्यांना उर्दू जग ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतं, ते कित्येक वर्षं या शहरात राहत होते, इथल्या कॉलेजचे प्राचार्य होते आणि संस्थेचं कार्यालयही इथेच होतं. 1921 पासून ‘उर्दू’ नावाचं त्यांचं त्रैमासिक इथून निघत असे. ज्या गावाने अख्ख्या उपखंडाला शब्दकोश पुरवला, त्या गावात मी जन्म काढला आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण तो पत्ता उजवीकडून डावीकडे लिहिलेला होता.

दुसरं पुस्तक सिराज औरंगाबादी यांचं. हे अठराव्या शतकातले सूफी कवी. त्यांच्या आधीचे वली, जन्म 1667, हेही औरंगाबादी म्हणूनच ओळखले जातात. वली 1700 च्या सुमारास दिल्लीला गेले. तिथले कवी तोवर फारसीत लिहिण्यात प्रतिष्ठा मानत. बोलीभाषेत एवढी उंच कविता होऊ शकते हे त्यांना दख्खनच्या या माणसाने दाखवलं. ज्ञानेश्वरांनी संस्कृताच्या पंक्तीत मराठी बसवली, तोच प्रकार निराळ्या दरबारात घडला असं समजा. सिराज हे वलींच्या नंतरचे. तरुणपणी वेड लागल्यासारखे भटकले आणि पुढे गुरूच्या सांगण्यावरून कविता लिहिणं थांबवलं, असं सांगतात. त्यांची एक गझल पाकिस्तानच्या आबिदा परवीन यांनी गायली आहे. ती मी वर्षानुवर्षं कॅसेटवर ऐकत होतो. गझल प्रेमातल्या थक्क होण्याविषयी आहे, ज्यात शहाणपण आणि वेडेपण दोन्ही मागे पडतात. ती लिहिणारा माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पुरला गेला आहे, हे अण्णांच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचताना कळलं.

माझ्यासारख्या मराठी वाचकाला या वाटेवर दोन माणसांचा मोठा आधार झाला, तो सांगायलाच हवा. एक सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. पण गालिबच्या गझला मराठी माणसाला हाताला धरून समजावण्याचं जे काम त्यांनी केलं, ते मला त्यांच्या इतिहासलेखनाइतकंच मोलाचं वाटतं. दुसरे श्रीपाद जोशी, ज्यांचा उर्दू-मराठी शब्दकोश राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढला. पगडी देवनागरीत वाचता येतात, त्यामुळे लिपी शिकायची नसेल त्यांनी तिथून सुरुवात करावी.

कोशाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर अण्णांच्या हातचं पेन्सिलीचं लिखाण होतं. मला वाटलं शेर असतील. वाचायला लागलो तर काही अर्थच लागेना. अक्षरं ओळखीची, शब्द अनोळखी. मास्तरसाहेबांकडे नेलं, तर त्यांनाही कळेना. ‘गुरुजी, ये उर्दू नहीं है,’ ते म्हणाले. मग मी सावकाश मोठ्याने वाचलं आणि चौथ्या शब्दाला माझ्या लक्षात आलं. ती मराठी होती. गीतरामायणातली तीन गीतं अण्णांनी उर्दू लिपीत उतरवून घेतली होती. उर्दूत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. त्यांनी ‘ल’खाली एक टिंब देऊन ‘ळ’ केला होता, ‘न’वर एक आडवी रेघ देऊन ‘ण’. बाजूला तारखा होत्या, सगळ्या 1960 च्या दशकातल्या. म्हणजे आईचा रेडिओ चालू असताना समोर वर्तमानपत्र धरून बसणारा हा माणूस ऐकत होता, आणि लिहायची घाई झाल्यावर हाताला जी लिपी सवयीची, तिच्यात लिहून घेत होता.

आई तेव्हा हयात होती, ऐंशीच्या पुढची. तिला ती पानं वाचून दाखवली. तिने एका ठिकाणी मला थांबवलं आणि म्हणाली, ‘इथे त्यांनी शब्द चुकीचा ऐकलाय.’ आणि बरोबर शब्द सांगितला.

लिपी हरवली की काय होतं, याची एक सार्वजनिक बाजूही आहे. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले दस्तऐवज उघडावे लागले, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या कागदांवर लोकांचं भवितव्य ठरायचं, ते कागद कपाटात होते. वाचणारी माणसं कमी होती. अण्णांसारखे कारकून असते तर दुपारच्या चहापर्यंत दप्तर हातावेगळं केलं असतं.

रेडिओचंही पुष्कळ बदललं. बीबीसीच्या हिंदी सेवेचं लघु लहरींवरचं प्रसारण 31 जानेवारी 2020 ला थांबलं. आकाशवाणीने ठिकठिकाणचे मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक बंद केले. आता फोनवर जगातलं कुठलंही केंद्र भरदुपारी स्वच्छ लागतं, सूर्य मावळायची वाट पाहावी लागत नाही. याबद्दल गळा काढणाऱ्यांतला मी नाही. आबिदा परवीन मला फोनवरच जास्त ऐकायला मिळतात. एकच अडचण आहे, की प्रत्येकाच्या कानात ज्याचं-त्याचं गाणं असतं. अण्णांच्या कानाला त्या काळी यंत्र लागलेलं असतं, तर त्यांच्या कोशात गीतरामायण उतरलं नसतं.

पुस्तकांचं काय केलं, असं विचाराल. निम्मी मास्तरसाहेबांच्या ओळखीच्या एका शाळेला दिली, तिथे मुलं ती हाताळतात. कोश, सिराज आणि आणखी वीसेक माझ्याकडे आहेत. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी मागची कोरी पानं जरूर उघडून पाहा. आणि हो, मागची म्हणजे आपल्या हिशेबाने पुढची. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात.